दुरुस्तीची गॅरंटी उन्हाळ्यावर मोजा

दुरुस्तीच्या पावतीच्या तळाशी एक बारीक ओळ असते. कधी ती इंग्रजीत छापलेली असते, कधी तिचा शिक्का मारलेला असतो, कधी मेकॅनिक ती नुसती तोंडानं सांगतो. अर्थ सगळीकडे सारखाच: दुरुस्तीवर ३० दिवसांची वॉरंटी, तीही फक्त बदललेल्या पार्टवर. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर ३० च्या जागी कधी कधी ९० असतात. माझं भांडण या ओळीशी आहे. वरवर पाहता ती ग्राहकाला काहीतरी देते. नीट वाचली तर ती दुरुस्ती करणाऱ्याला एका ठरावीक तारखेनंतर मोकळं करते, आणि ती तारीख अशी निवडलेली असते की आपल्याकडे तोवर यंत्राची परीक्षाच झालेली नसते.

अमरावती आणि अकोल्यात राहणाऱ्याला हे पटकन समजेल. आपल्याकडे एसी आणि कूलर मार्चमध्ये सुरू होतात आणि पाऊस पडला की बंद. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ती यंत्रं दिवसरात्र चालतात. उरलेले आठ महिने त्यांच्यावर जुनी चादर असते. आता हिशेब करा. २५ मे रोजी एसी बिघडला आणि दुरुस्त झाला. ९० दिवसांची वॉरंटी २३ ऑगस्टला संपते. पण जूनच्या मध्यावर पाऊस आला तर एसी चालला फक्त वीस-पंचवीस दिवस. उरलेले दिवस तो भिंतीवर नुसता टांगलेला होता आणि वॉरंटी संपत होती. दुसरी गत अशी की फेब्रुवारीत तुम्ही शहाणपणानं कूलर आधीच दुरुस्त करून घेतला. ३० दिवसांची वॉरंटी मार्चमध्ये संपली. खरं ऊन त्यानंतर लागलं.

माझ्या मावशीकडे, अकोल्यात जठारपेठ भागात, नेमकं हेच झालं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एसी थंड करेना. अधिकृत सेंटरचा माणूस आला, गॅस भरला, साडेतीन हजार घेतले, ९० दिवसांचा कागद दिला. अकरा दिवसांनी पाऊस लागला आणि एसी बंद झाला. मार्चमध्ये लावला तर नुसता वारा. फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, तुमची वॉरंटी सप्टेंबरमध्येच संपली." पुन्हा साडेतीन हजार. मावशीनं विचारलं, "अहो, पण मशीन चाललं किती दिवस?" या प्रश्नासाठी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये रकाना नव्हता.

'गॅस संपला' म्हणजे काय

इथे थोडं तांत्रिक बोलणं भाग आहे, कारण या एका वाक्यावर वऱ्हाडातला अर्धा धंदा चालतो. एसी किंवा फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरतो: कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता सोडतो, आतल्या कॉइलमध्ये उष्णता घेतो, आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. यंत्रणा सीलबंद असेल तर तोच गॅस वर्षानुवर्षं पुरतो. म्हणजे गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. कॉइलला भोक पडलं असेल, सांधा सुटला असेल, नटाखाली फट असेल.

योग्य दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी नायट्रोजन भरून दाब धरायचा आणि गळती शोधायची. ती ब्रेझिंग करून बुजवायची किंवा कॉइल बदलायची. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची. शेवटी वजन करून गॅस भरायचा. यातली शेवटची पायरी तेवढी केली तर त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही. फुटक्या माठात पाणी ओतून पैसे घेण्यासारखं ते आहे.

आता पावतीवरची ओळ परत वाचा: वॉरंटी 'बदललेल्या पार्टवर'. गॅस भरला तेव्हा पार्ट कुठला बदलला? कुठलाच नाही. म्हणून अनेक पावत्यांवर गॅस वॉरंटीतून वगळलेलाच असतो. म्हणजे सगळ्यात जास्त केली जाणारी आणि सगळ्यात जास्त फसणारी दुरुस्तीच वॉरंटीबाहेर. ग्राहकाची तक्रार असते 'थंड होत नाही'. वॉरंटी मात्र त्या तक्रारीवर मिळत नाही. ती मिळते कपॅसिटरवर, सेन्सरवर, फॅनच्या मोटरवर. उद्या तीच तक्रार परत आली आणि कारण दुसऱ्या पार्टचं निघालं, किंवा निघालं असं सांगितलं, तर मीटर पुन्हा शून्यापासून सुरू. व्हिजिट चार्ज वेगळा.

माझं पहिलं म्हणणं म्हणूनच साधं आहे. वॉरंटी दोषावर हवी. तुम्ही 'थंड होत नाही' ही तक्रार घेतली, तिचे पैसे घेतले, तर ठरलेल्या काळात तीच तक्रार परत आल्यास कारण शोधणं तुमचं काम आहे. डॉक्टरनं तापाची गोळी दिली आणि ताप उतरला नाही, तर तो 'गोळी तर चांगलीच होती' असं म्हणून सुटत नाही.

दहा वर्षांचं स्टिकर

दुकानात फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत '१० वर्षं' लिहिलेलं असतं. जवळ जाऊन वाचलं की कळतं, ती दहा वर्षं कॉम्प्रेसरची आहेत. अख्ख्या फ्रिजची वॉरंटी बहुतेक वेळा एकच वर्ष. वॉशिंग मशीनवर तीच दहा वर्षं मोटरची असतात. पाचव्या वर्षी कॉम्प्रेसर गेला तर कॉम्प्रेसर फुकट मिळतो, हे खरं. पण तो बसवायची मजुरी, नवा गॅस, फिल्टर, ने-आण आणि व्हिजिट यांचे पैसे बहुतेक वेळा तुमचेच. आणि इन्व्हर्टर मॉडेलमध्ये कॉम्प्रेसर चालवणारा सर्किट बोर्ड, ज्याला मेकॅनिक पीसीबी म्हणतात, तो त्या दहा वर्षांत बऱ्याचदा धरलेलाच नसतो. व्होल्टेजच्या झटक्यानं आधी मरतो तो बोर्डच.

अजून एक गोष्ट कार्डावर असते आणि कुणी वाचत नाही. वॉरंटीच्या काळात पार्ट बदलला तर नव्या पार्टला नवी मुदत मिळत नाही. जुन्या वॉरंटीचे जेवढे दिवस उरलेत तेवढेच. आणि यंत्र महिनाभर सेंटरमध्ये पडून राहिलं तर तो महिनाही तुमच्याच खात्यातून वजा. युरोपियन युनियननं २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. त्यात असं ठरलं की कायदेशीर हमीच्या काळात ग्राहकानं बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर हमी आणखी १२ महिन्यांनी वाढेल. तिथल्या देशांना तो लागू करायची मुदत ३१ जुलै २०२६. म्हणजे दुरुस्तीनंतर वॉरंटी वाढवणं हे काही स्वप्नरंजन नाही. काही सरकारांनी ते कायद्यात बसवलं आहे.

'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' यांतला फरकही दुकानदार फार आत्मविश्वासानं सांगतात: गॅरंटीत वस्तू बदलून मिळते, वॉरंटीत दुरुस्त करून. कायद्यात हे असं नाही. १८७२ च्या करार कायद्यात गॅरंटी म्हणजे दुसऱ्यासाठी जामीन राहणं. १९३० च्या मालविक्री कायद्यात वॉरंटी म्हणजे कराराची दुय्यम अट, जी मोडली तर भरपाई मागता येते. दुकानदाराची व्याख्या ही दुकानदाराची सोय आहे. तुमचा हक्क कार्डावर कोणता शब्द छापलाय यावर अडलेला नाही.

खारं पाणी कुणाच्या खात्यात?

वॉरंटी कार्डाचं मागचं पान म्हणजे नकारांची यादी. त्यात दोन नकार आपल्यासाठी खास आहेत: 'जड किंवा क्षारयुक्त पाण्यामुळे झालेला बिघाड' आणि 'व्होल्टेजच्या चढउतारामुळे झालेला बिघाड'.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आखताना सरकारनं या पट्ट्यातली ९३२ गावं मोजून घेतली होती. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा इकडे बोअरचं पाणी जिभेला लावलं तरी कळतं. हेच पाणी कूलरच्या टाकीत जातं, गिझरच्या कॉइलवर पांढरं कवच धरतं, वॉशिंग मशीनच्या व्हॉल्व्हमध्ये साचतं, आरओचं मेम्ब्रेन बुजवतं. कंपनीला हे माहीत नाही असं कुणी म्हणू नये. तिचा डीलर दर्यापुरात आहे. तिची जाहिरात अकोटच्या भिंतीवर आहे. विकताना पाण्याची अडचण नसते, दुरुस्तीच्या वेळी मात्र पाणीच आरोपी ठरतं.

ज्या पाण्याशिवाय दुसरं पाणी नाही, तिथे 'या पाण्यानं बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही' असं म्हणून गिझर विकणं याला काय म्हणायचं? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची लांबलचक व्याख्या आहे. तिच्यात असं आश्वासनही येतं, जे दिशाभूल करणारं आहे किंवा जे पाळलं जाण्याची वाजवी शक्यताच नाही. त्यात दुरुस्तीचं आणि पार्ट बदलून देण्याचं आश्वासन स्पष्टपणे धरलेलं आहे. खारपाणपट्ट्यात विकलेली 'क्षार वगळून' वॉरंटी ही माझ्या मते या व्याख्येच्या अगदी उंबरठ्यावर उभी आहे. हे एखाद्या आयोगापुढे कुणीतरी नेटानं मांडायला हवं.

कायदा आहे, पण अर्धा

आपला पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. २४ डिसेंबर १९८६ ला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. नवा कायदा २०१९ चा आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही या कायद्यानं 'सेवा' आहे आणि वाईट दुरुस्ती ही 'सेवेतली त्रुटी'.

तीन गोष्टी प्रत्येकानं डोक्यात ठेवाव्यात. एक, पावतीवरचे ३० दिवस म्हणजे तक्रारीची मुदत नव्हे. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत आयोगाकडे जाता येतं. दुरुस्ती मुळातच चुकीची होती हे दाखवता आलं, तर तिसाव्या दिवशी तो हक्क मरत नाही. दोन, कार्डावर 'सर्व वाद अमुक महानगराच्या न्यायालयात' असं छापलेलं असलं तरी तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकता. म्हणजे अकोलेकरानं अकोल्यात, अमरावतीकरानं अमरावतीत. तीन, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि आयोगाची तक्रार ई-जागृती पोर्टलवरून मोबाइलवरही भरता येते.

मग कायदा अर्धा कसा? कारण दुरुस्तीवर किमान किती वॉरंटी द्यायची हे त्यात कुठेच नाही. ३० दिवस, ९० दिवस हे आकडे कंपन्यांनी स्वतः ठरवलेत. त्रुटी होती हे सिद्ध करायची जबाबदारी मुख्यतः ग्राहकावर येते. ज्या मावशीला पीसीबी म्हणजे काय हे माहीत नाही, तिनं इंजिनिअरशी वाद घालायचा. किमान मुदत कायद्यात असती तर हा वादच झाला नसता. कॅलेंडर बघून काम झालं असतं. आयोगानं ३ महिन्यांत, आणि वस्तूची चाचणी लागली तर ५ महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. साडेतीन हजारांसाठी कोण रजा काढून चकरा मारेल? हे गणित कंपनीच्या कस्टमर केअरला आपल्यापेक्षा चांगलं येतं.

केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. कंपन्यांनी तिथे मॅन्युअल, पार्ट आणि वॉरंटीची माहिती द्यायची. चांगलं आहे. पण पोर्टलवर माहिती मिळते, आणि आपलं दुखणं माहितीचं नाही. मावशीला ९० दिवस आधीच माहीत होते.

चौकातला मेकॅनिक

आता दुसऱ्या बाजूला येऊ. अमरावतीत राजापेठपासून इतवाऱ्यापर्यंत, अकोल्यात टिळक रोडपासून ताजनापेठेपर्यंत शेकडो छोटे मेकॅनिक आहेत. पंख्याची कॉइल भरणारे, मिक्सरचं कपलिंग बदलणारे, कूलरचा पंप बसवणारे. यातल्या एकाला मी विचारलं, "काका, गॅरंटी लिहून का देत नाही?" तो म्हणाला, "भाऊ, माल मले बिना बिलाचा भेटते. त्याची गॅरंटी मलेच नाही, त मी तुमाले काय लिहून देऊ? काम बिघडलं त मी हाय ना. माहं दुकान काय पयून चाल्लं?"

या उत्तरात धंद्याचं सगळं सत्य आहे. त्याच्या 'मी हाय ना'ला मी हसणार नाही. करार कायद्यातल्या जामिनाच्या अर्थानं तीच खरी गॅरंटी. दुसऱ्या दिवशी तो येतो, पैसे न घेता स्क्रू उघडतो. पण त्याची जीभ हीच पावती असल्यामुळे दोन गोष्टी होतात. ग्राहकाकडे पुरावा राहत नाही, आणि त्यानं चांगलं काम केलं तरी कंपनीच्या सेंटरसमोर त्याला किंमत मिळत नाही. आपल्याकडे 'बिल नको, शंभर कमी कर' ही बोलीही पक्की झालेली आहे. त्या शंभर रुपयांत आपण आपला एकमेव कागद विकतो. सेवेची पावती न देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि साध्या पावतीला जीएसटी नंबर लागत नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीचीच सक्ती नाही. वहीतलं पान फाडून, तारीख, दोष, पार्ट, पैसे आणि सही एवढं लिहिलं तरी तो पुरावा होतो.

या मेकॅनिकला कंपन्या बाजारातून कसं बाहेर ठेवतात, याचा मोठा खटला आपल्याच देशात झालेला आहे. गाड्यांच्या सुट्या भागांबाबत २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नव्हत्या. पुढे अपिलं झाली, काहींचा दंड कमी झाला. पण त्या आदेशातला एक मुद्दा मला सोन्यासारखा वाटतो: ग्राहकानं बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मागे 'सील तुटलं तर वॉरंटी रद्द' असं स्टिकर दिसलं की हा मुद्दा आठवा. अमेरिकेत वॉरंटीचा कायदा १९७५ पासून आहे, आणि २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल ताकीद दिली होती. गाड्यांना जो न्याय, तो कूलरला का नाही?

'मग दर वाढतील'

माझ्या मागणीवर तीन आक्षेप येतात. पहिला, वॉरंटी लांबवली तर दुरुस्ती महागेल. थोडी महागेल, मान्य. पण आज तो खर्च नाहीसा झालेला नाही. ज्याचं नशीब फुटकं त्या एका घरावर तो अख्खा पडतो. शंभर दुरुस्त्यांत दहा फसत असतील तर त्या दहांचा खर्च शंभरांत वाटणं हे घरोघरच्या बजेटसाठी जास्त बरं. शिवाय फसलेल्या दुरुस्तीचा खर्च सेंटरवर आला की सेंटर गळती शोधायला शिकेल. आज गळती न शोधण्यात त्याचा फायदा आहे, कारण ग्राहक पुढच्या वर्षी परत येतो.

दुसरा आक्षेप: ग्राहक वस्तू नीट वापरत नाही, स्टॅबिलायझर लावत नाही. असे ग्राहक आहेत. पण त्यासाठी सरसकट नकार कशाला? तपासा, कारण लेखी द्या, पुरावा दाखवा, मग नाकारा. 'व्होल्टेजमुळे गेलं' हे फोनवरून कसं कळतं?

तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: छोटा मेकॅनिक या नियमांनी मरेल. म्हणून नियम दोघांना एकच नको. कंपनीच्या अधिकृत सेंटरला सहा महिने आणि दोषावर वॉरंटी सक्तीची असावी, कारण त्याच्यामागे कंपनीचा गल्ला आहे. चौकातल्या माणसाला सक्ती फक्त पावतीची आणि त्यावर स्वतः ठरवलेल्या मुदतीची. त्यानं पंधरा दिवस लिहिले तरी चालेल, लिहिलेले पाळावेत.

पैशांच्या पुढचं

आतापर्यंत मी पैशांबद्दल बोललो. पण विदर्भात दर उन्हाळ्यात एक बातमी येते आणि आपण ती वाचून पान उलटतो: कूलरचा शॉक लागून मृत्यू. कधी पाणी भरताना बाई, कधी जवळ खेळणारं लेकरू. पत्र्याची बॉडी, खाली पाणी, पंपाच्या वायरचं जुनं इन्सुलेशन आणि अर्थिंगचा पत्ता नाही. अशा कूलरचा पंप कुणीतरी बदललेला असतो. बदलताना अर्थिंग तपासली का? टू पिनचा प्लग तसाच ठेवला का? वायरचा जोड पाण्याच्या वर बांधला का?

दुरुस्तीची वॉरंटी म्हणजे शेवटी या कामामागे कोण उभं आहे, याचं उत्तर. २०१९ च्या कायद्यात उत्पादनाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. सदोष सेवेमुळे इजा झाली तर सेवा देणाऱ्यावरही दायित्व येतं. पण पावतीच नसेल तर कुणी पंपाला हात लावला हेच सिद्ध होत नाही. म्हणून मी कागदासाठी हट्ट धरतो. ३० मिलिअँपचा आरसीसीबी घरात बसवा, कूलरला थ्री पिन लावा, पाणी भरताना प्लग काढा. आणि पंप बदलणाऱ्याकडून 'अर्थिंग तपासली' एवढे दोन शब्द लिहून घ्या. लिहावं लागलं की माणूस तपासतो.

मागणी कुणाकडे करायची

दिल्लीला कायदा बदलायला वेळ लागेल. पण २०१९ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात ग्राहक संरक्षण परिषद नेमायची आहे. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. तिनं वर्षातून किमान दोन बैठका घ्यायच्या असतात. परिषद सल्ला देते, शिक्षा करू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सल्ल्याची सुरुवात तरी कुठून व्हावी? अमरावती आणि अकोल्याच्या परिषदांनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा अशी माझी उघड मागणी आहे. चार ठराव पुरेत.

पहिला, हंगामी उपकरणांच्या दुरुस्तीची वॉरंटी दिवसांत न मोजता एका पूर्ण उन्हाळ्यावर मोजावी. जूनमध्ये दुरुस्त झालेला एसी पुढच्या मेपर्यंत वॉरंटीत. दुसरा, वॉरंटी तक्रारीवर असावी, आणि गॅस भरला असेल तर गळती कुठे सापडली हे पावतीवर लिहावं. तिसरा, या दोन जिल्ह्यांत विकताना खाऱ्या पाण्याची आणि व्होल्टेजची अट दुकानदारानं आधी मराठीत वाचून दाखवावी. चौथा, आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकणाऱ्या पोरांना पावती लिहायलाही शिकवावी.

हे ठराव होईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. दुरुस्तीवाला आला की पैसे द्यायच्या आधी मोबाइल काढा. जॉब शीटचा फोटो घ्या. त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली आहे का ते पाहा. पैसे देऊन बदललेला जुना पार्ट मागून घ्या, तो तुमचा आहे. वॉरंटीच्या ओळीखाली, सही करण्याआधी, पेनानं लिहा: 'मशीन पूर्ण उन्हाळा चालवून पाहिल्याशिवाय दुरुस्ती मान्य नाही.' सेंटरवाला म्हणेल की असं चालत नाही. म्हणू द्या. त्या एका ओळीनं कंपनी हरणार नाही. पण उद्या आयोगात हाच कागद टेबलावर पडला तर निदान दिसेल की अट एकट्या कंपनीनं घातली नव्हती, आपणही एक घातली होती.